सव्वासहाचं पाणी

सोमवार, ता. २

वही नवी, म्हणून आधी नियम. महिना पुठ्ठ्यावर लिहिला आहे, रोज लिहून शाई घालवणार नाही. खाडाखोड नाही. आणि जे घडेल तेच लिहायचं, मग ते माझ्याविरुद्ध का जाईना. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढली. खोटं माप पकडणं आणि खरं माप वहीत चढवणं, एवढं एकच काम मला येतं, पण ते चोख येतं.

वहीचं कारण असं की घरातच खटला उभा राहिला आहे. फिर्यादी माझी धाकटी लेक. आरोपी माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि त्याच्या चौदा गाई.

धाकटीने शहरातली बरी चाललेली नोकरी सोडली आणि ओढ्याच्या खालच्या टोकाला चार सिमेंटचे हौद बांधले. त्यात ती ट्राउट मासे वाढवते. ओढ्याचं पाणी एका बाजूने आत येतं, दुसऱ्या बाजूने बाहेर जातं. मत्स्य खात्याने तिला बारा हजार बोटुकल्या दिल्या आहेत. बोटाएवढी पिल्लं, म्हणून बोटुकल्या. या माशांचे नखरे फार. पाणी वीस अंशांवर गेलं की अन्न सोडतात, आणखी वर गेलं की आडवे होतात. या महिन्याच्या तीस तारखेला खात्याच्या बाई मोजायला येणार. आठ हजार जिवंत भरले तर दुसरी खेप मिळणार. नाही भरले तर हौद बंद, आणि धाकटी परत शहरात.

तसं मला काही नाही. मुलं जिथे असतील तिथे सुखी असावीत. इथे राहिली काय, तिथे गेली काय, मला सारखंच. तिच्या खोलीचं दार घासत होतं ते मी काल रंधा मारून सरळ करून दिलं, तेवढंच.

तिची तक्रार अशी. ओढा जंगलातून येतो तेव्हा थंड असतो, पण दादाच्या कुरणातून सव्वा किलोमीटर येईपर्यंत तापतो. काठावरची झुडपं गाईंनी खाऊन टाकली, कड तुडवून टाकली. "ओढा ताटासारखा पसरलाय, बाबा. ना खोली, ना सावली."

दादाचं उत्तर एका ओळीचं. "गाय पाणी पिते. तापवत नाही."

शेवटी दोघांनी मिळून पंच नेमला, तो मी. आपलेच दात, आपलेच ओठ. पण माप हे माप असतं, त्याला नातीगोती नसतात.

मंगळवार, ता. ३

मापनाची पद्धत ठरवली. पितळी नळीतला माझा जुना थर्मामीटर, प्रमाणित. जागा तीन: जंगलाची कड, कुरणाचा मध्य, हौदाचं तोंड. वेळ सकाळी सव्वासहा. मापनात वेळ एकदा ठरली की हलवायची नाही, हा माझा नोकरीतला पहिला धडा.

बाकीचा दिवसही असाच आखलेला आहे. सहाला उठणे, सव्वासहाला ओढा, आठला चहा आणि वर्तमानपत्र, एकला जेवण, दीड ते चार झोप. या झोपेबद्दल कोणी काही बोलायचं नाही. एकतीस वर्षं मी दुपारभर बाजारात तराजू उलटेसुलटे करत उभा होतो आणि दुकानांच्या मागच्या खोलीतून दुकानदार घोरल्याचे आवाज ऐकत होतो. आता माझी पाळी आहे.

आजच्या नोंदी: जंगलाची कड १३.२, कुरणाचा मध्य १२.९, हौदाचं तोंड १३.१.

म्हणजे बघा, कुरणात पाणी उलट थंडच झालं. गाई पाणी तापवत नाहीत, निववतात असं म्हणायची पाळी. पण एका दिवसावर निकाल देणाऱ्यातला मी नाही.

गुरुवार, ता. ५

धाकटी म्हणते, काल दुपारी तिच्या थर्मामीटरने एकवीस दाखवले. मला हसू आलं, पण मी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. तिचा थर्मामीटर प्लास्टिकचा, कुठून आणला देव जाणे. आज सकाळी मी त्याला माझ्या थर्मामीटरशेजारी एकाच बादलीत बुडवलं. दोन्ही तंतोतंत सारखे निघाले. प्लास्टिकवर मी उगाच संशय घेतला.

यंत्र बरोबर असेल तर चूक वाचणाऱ्याची, हे उघड आहे. मी तिला खुर्चीवर बसवून समजावलं. डोळा पाऱ्याच्या रेषेशी सरळ हवा. वरून पाहिलं तर एक आकडा, खालून पाहिलं तर दुसरा. ती शांतपणे ऐकत होती, म्हणजे पटलं असावं.

मग म्हणाली, "बाबा, एकदा दुपारी याल का ओढ्यावर?"

मी म्हटलं, वेळ बदलली की नोंदी बाद. कालचं सकाळचं आणि आजचं दुपारचं एका ओळीत कसं मांडणार?

स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली, "कोणाला विचारतेस? यांच्या झोपेत सूर्य उगवून मावळतो."

हिला विज्ञानाची गोडी नाही. पस्तीस वर्षांत लागली नाही, आता काय लागणार.

रविवार, ता. ८

प्रत्यक्ष आरोपीची तपासणी केली. दादाच्या कळपाची पुढारीण एक पांढऱ्या कपाळाची धिप्पाड गाय आहे. तिला सगळे मुख्याध्यापिका म्हणतात, कारण ती निघाल्याशिवाय बाकीच्या तेरा जागच्या हलत नाहीत. तिला ओढ्यात उभं केलं. आधी पाणी मोजलं, वीस मिनिटांनी पुन्हा मोजलं. फरक शून्य. तिच्या शेपटीचा फटका बसून माझा चष्मा पाण्यात पडला, तो दादाने काढून दिला.

"झालं समाधान?" दादाने विचारलं.

मी म्हटलं, माझ्या समाधानाचा प्रश्न नाही, पुराव्याचा आहे.

दादा हसला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो काठावर बसला होता. सत्तरी उलटली तरी हा माणूस एकट्याने चौदा गाई सांभाळतो. सकाळच्या गार पाण्यात मात्र त्याने पाय घातले नाहीत.

मंगळवार, ता. १०

आठ दिवसांच्या नोंदी झाल्या. निकाल दिला. चांगल्या कागदावर, पूर्ण नाव, सही, खाली 'निवृत्त निरीक्षक'. मजकूर असा: "सदर कुरणात चरणाऱ्या चौदा गाईंमुळे ओढ्याच्या तापमानात कोणतीही वाढ होत नसल्याचे प्रत्यक्ष मोजणीअंती आढळले. गाई निर्दोष आहेत."

दादाने तो कागद चौकटीत घालून गोठ्यात लावला. मुख्याध्यापिकेच्या बरोबर डोक्यावर.

धाकटीने कागद वाचला, घडी केली, मला परत दिला. हौदात आज त्रेसष्ट मासे मेले. मी तिला खाद्य बदलून बघायला सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडे असं मला म्हणायचं नाही, पण गाईंच्या मागे लागण्यात तिने फार वेळ घालवला.

गुरुवार, ता. १२

१३.०, १२.८, १३.०. पाणी इमानदार आहे.

शनिवार, ता. १४

दादाने सवयीप्रमाणे दुधाची किटली पाठवली. धाकटीने चहा बिनदुधाचा घेतला. ती माझ्याशी बोलते, पण हवापाण्याचं बोलते. त्यातही पाण्याचं टाळते.

दुपारी झोपेतून उठलो तर ती आईला विचारत होती की माळ्यावरची मोठी सुटकेस कुठे आहे. बहुतेक लोकरीचे कपडे भरून ठेवायचे असतील. ही तिला म्हणाली, "अजून तीस तारीख यायची आहे." लोकरीच्या कपड्यांना तारीख कशाला लागते कळलं नाही.

मंगळवार, ता. १७

आज ऊन भयंकर होतं. चारला उठलो, चहाला हाक मारली, कोणी ओ दिली नाही. हौदांकडे गेलो तर धाकटी कठड्यावर बसली होती, हातात लांब दांड्याची जाळी. शेजारी तीन बादल्या मेलेल्या माशांनी भरलेल्या. ही तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

धाकटी म्हणाली, "दोन हजारांच्या वर गेले. तीनच्या सुमाराला तोंडं वर काढायला लागले आणि मग एकेक उलटे झाले."

मी हौदात थर्मामीटर घालणार होतो. पण सव्वासहा नव्हते, आणि बादल्यांकडे बघून नळी उघडायचा धीरही झाला नाही. मी खाद्याबद्दल काहीतरी बोललो.

तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुमची नोंद बरोबरच आहे. फक्त मासे दिवसभर पाण्यात असतात."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी जेवताना या वाक्याचा विचार करत होतो. दुःखात माणूस काहीही बोलतं. मासे दिवसभर पाण्यात असतात हे कोणाला माहीत नाही?

लहानपणी ती माझ्याबरोबर बाजारात यायची आणि मी तराजूवर वजन ठेवलं की श्वास रोखून धरायची, काटा हलू नये म्हणून. ते आज उगाच आठवलं.

गुरुवार, ता. १९

आज जे घडलं ते निव्वळ योगायोगाने घडलं, हे आधी नोंदवतो.

जेवून दीडला खोलीत गेलो तर पलंग उघडा. अंगणात गादीवाला माझी गादी उसवून बसला होता. कापसाचा हा ढीग. मी विचारलं, हा काय प्रकार? तो म्हणाला, "बाईंनी सांगितलं, आजच या. आणि काही झालं तरी दीडच्या आत उसवा."

ही म्हणाली, "गुठळ्या झाल्या होत्या कापसाच्या. तुमच्या पाठीला त्रास होतो."

माझ्या पाठीला काडीचा त्रास नाही. बैठकीच्या बाकावर पडावं तर तिथे हिने घरातले सगळे लोकरीचे कपडे पसरले होते, ऐन उन्हाळ्यात. धाकटीच्या खोलीला कुलूप. म्हटलं, चला, ओढ्याकाठी एखाद्या झाडाखाली आडवं होऊ. निघताना ही म्हणाली, "निघालाच आहात तर ती पितळी नळी असू द्या खिशात." नेमकी तिच्या हातातच होती.

तर मी झोपायला जागा शोधत निघालो. हौदांपासून वर, दादाच्या कुरणातून, ओढ्याच्या काठाकाठाने. आणि जागा मिळेना. झाड नाही. झुडूप नाही. गुडघ्याएवढं लव्हाळंसुद्धा नाही, सगळं खुरांनी चेचलेलं. मातीतून वाळुंजाच्या झाडाचे कोवळे कोंब कुठे कुठे वर आले होते, पण प्रत्येकाचा शेंडा खाल्लेला. गेल्या कित्येक वर्षांत कुरणाच्या त्या अंगाला मी दुपारी फिरकलोच नव्हतो. सकाळी सव्वासहाला सगळीकडेच सावली असते, त्यामुळे सावली नाही हे दिसायचं कारणच नव्हतं.

अर्ध्या वाटेवर एकच जुनं वाळुंज उरलं आहे. म्हटलं, मिळाली जागा. जवळ गेलो तर त्याखाली मुख्याध्यापिका, आणि तिला खेटून बाकीच्या तेरा. एक गाय हलायला तयार नव्हती. मी दोनदा हाड् केलं. मुख्याध्यापिकेने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी वर्गाबाहेर उभा राहिलेल्या पोरासारखा पुढे निघालो.

डोकं तापलं होतं. पाय तरी गार करावे म्हणून चप्पल काढून ओढ्यात पाय टाकला, आणि दचकून मागे घेतला. पाणी कोमट. घोट्याएवढंच खोल, आणि चांगलं दहा-बारा पावलं रुंद. आंघोळीला चाललं असतं. खिशातून नळी काढली. २१.८.

पहिला विचार आला तो थर्मामीटर बिघडल्याचा. झटकून पुन्हा घातला. २१.८. डोळा पाऱ्याशी सरळ, अगदी पोटावर आडवा होऊन. तरी २१.८.

मग मी झोप विसरलो. शंभर शंभर पावलांवर मोजत वर गेलो. २०.९, १९.६, १८.१. जंगलाच्या कडेला पोचलो तर ओढा दुसराच. अरुंद, कमरेएवढा खोल, दोन्ही काठांवर वाळुंजं वाकलेली, खाली नेचे, पाणी काळपट आणि थंडगार. १६.०. तिथे झोपायला राजेशाही जागा होती. मी झोपलो नाही. पुन्हा मोजत खाली आलो. हौदाच्या तोंडाशी २२.६, वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

मी कठड्यावर बसलो. धाकटी पलीकडे पाठमोरी जाळी धूत होती. माझी नळी खरी होती, डोळा खरा होता, आकडे खरे होते. सकाळचं पाणी सगळीकडे सारखंच गार असतं. तापायचं ते दुपारी तापतं, आणि दुपारी मी घोरत असतो. चोराला सोडून फिर्यादीला पकडलं मी, आणि वर खुर्चीवर बसवून डोळा कसा ठेवावा ते शिकवलं.

गाईंना तरी काय बोल लावायचा? कोवळं दिसलं की खायचं, एवढाच त्यांचा कायदा. आणि सावलीची किंमत त्या धाकटीइतकीच जाणतात. गाई दुपारी जाग्या असतात, म्हणून.

शुक्रवार, ता. २०

जे घडलं ते लिहायचं असा नियम आहे, म्हणून लिहितो. सकाळी पहिला विचार आला की गप्प बसावं. मला कोणी मोजताना पाहिलेलं नाही. निकाल दिलेला आहे, कागद चौकटीत आहे. एकतीस वर्षांत मी स्वतःचा शिक्का कधी मागे घेतला नाही, आणि दुकानदारांचे मात्र ढिगाने मागे घ्यायला लावले. त्यांची तोंडं मला एकेक आठवत होती. आठपर्यंत मी हा विचार करत होतो, चहा निवून गेला.

मग हिला सांगितलं. सगळं सांगितलं, आकड्यांसकट. ही म्हणाली, "हो का?" आणि गादीला टाके घालत राहिली. आश्चर्य म्हणून नाही हिला कशाचं. वर म्हणाली, "नशीब, कालच गादी उसवली."

मी म्हटलं, अगदी योगायोग.

मग हौदावर गेलो. धाकटीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "माझी मोजणी चुकली. तुझी बरोबर होती. माझ्यामुळे तुझे दोन हजार मासे गेले."

तिने जाळी खाली ठेवली. "दोन हजार चारशे," ती म्हणाली. मग माझ्या शर्टाच्या खिशातली नळी नीट बसवली आणि म्हणाली, "आधीचे रोजचे मेलेले धरून आता आठ हजारांच्या जरासेच वर उरलेत. दुपारी अडीचला मोजाल? मला एकटीला सावलीसाठी जाळीचं कापड बांधणं आणि मोजणं दोन्ही जमत नाही."

मी हो म्हटलं. आज माझी झोप झाली नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही. जांभया आल्या, पण ती निराळी गोष्ट.

शनिवार, ता. २१

दादाकडे गेलो. त्याच्याशी बोलणं धाकटीपेक्षा अवघड जाणार हे माहीत होतं. दुपारी तीनला गेलो तर तो गोठ्यात नव्हता. कुरणाच्या खालच्या अंगाला ओढ्यात पाय सोडून बसला होता, डोळे मिटून.

मी म्हटलं, "दादा, पाणी तापतंय."

डोळे न उघडता म्हणाला, "मग? तापतंच. मी रोज दुपारी इथे बसतो. गुडघ्यांना बरं वाटतं. औषधाने नाही इतकं बरं वाटतं."

"तुला माहीत होतं?"

"पाय माझे आहेत. मला नाही कळणार?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तू सकाळचं विचारलंस. सकाळचं मी खरं सांगितलं." मग डोळे उघडून म्हणाला, "तुला मोजायचं होतं. मी कशाला मध्ये पडू?"

माझं डोकं फिरलं. मी बोललो, तो बोलला. कुंपण घालू, गाईंना पाणी प्यायला एक वाट सोडू, बाकी काठावर वाळुंज लावू, असं म्हटलं. वाळुंजाची काठी नुसती खोचली तरी जगते. तो म्हणाला, कुरण त्याचं, काठ त्याचा, आणि सावली झाली की पाणी गार. "मी पाय कुठे घालू? तुझ्या वहीत?"

चौकटीतला कागद परत मागितला तर तो म्हणाला, "दिलेला निकाल परत घेतोस? तू?"

मी तसाच परत आलो. किटली आज आली नाही.

मंगळवार, ता. २४

हौदांवर आणि शेवटच्या दोनशे पावलांच्या ओढ्यावर हिरवं जाळीचं कापड ताणलं. खांब मी रोवले, दोरी हिने ओढली. धाकटी आम्हाला दोघांना हुकूम सोडत होती, अगदी मुख्याध्यापिका. अडीचला हौदात २१.१. मेले सतरा.

दादा कुरणातून आमच्याकडे बघत होता. मी हात केला नाही, त्यानेही केला नाही. ही मात्र त्याच्यासाठी ताटावर ताट झाकून घेऊन गेली. मी विचारलं नाही काय नेलं.

शुक्रवार, ता. २७

अडीचला २०.४. मेले चार.

गाई आज ओढ्यावर आल्या नाहीत. दादाने त्यांना डोंगराच्या बाजूच्या गवतात नेलं आणि पाणी बादल्यांनी पाजलं. चौदा गाई, त्या गुडघ्यांनी. मी विचारायला गेलो तर म्हणाला, तिकडचं गवत चांगलं आहे. तिकडचं गवत वाळून कोळ झालं आहे, मी पाहिलं.

ही रोज त्याच्याकडे जाऊन काय बोलते, ते मला सांगत नाही.

सोमवार, ता. ३०

खात्याच्या बाई साडेअकराला आल्या. वयाने धाकटीएवढ्याच, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मासे एकेक मोजत नाहीत हे मला आजच कळलं. शंभर मोजायचे, त्यांचं वजन करायचं, मग सगळ्यांचं वजन करून भागायचं. ताणकाटा माझा होता, सकाळी मी तो तीनदा तपासला होता. दादा कधी येऊन मागे उभा राहिला ते कळलं नाही.

सात हजार आठशे चाळीस.

बाईंनी पुन्हा करायला सांगितलं. सात हजार आठशे पन्नास. दादा माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "काटा तुझाच ना? जरा बोट लाव."

मी त्याच्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला बोट लावावंसं वाटलं, हेही लिहून ठेवतो. पण धाकटी समोर उभी होती, श्वास रोखून. मी दोन्ही हात मागे बांधले.

बाई म्हणाल्या, "दीडशे कमी आहेत. नियमाने दुसरी खेप देता येणार नाही." धाकटीने मान हलवली. मग बाई कागद उलटून म्हणाल्या, "मरतूक कशाने झाली ते समजलं असेल आणि ते कारण दूर केलं असेल, तर मी शिफारस करू शकते. पण लेखी पुरावा लागतो. नुसतं ऊन होतं असं नाही चालणार."

मी ही वही त्यांच्या हातात दिली. म्हणजे दुसऱ्या बाजूची पानं, जिथे नुसते आकडे आहेत. सव्वासहाचे सतरा दिवस आणि अडीचचे दहा दिवस, शेजारी शेजारी, आणि १९ तारखेचे शंभर शंभर पावलांचे. त्यांनी बराच वेळ वाचलं.

"हे सकाळचे कोणी घेतले?"

"मी."

"रोज सकाळीच का?"

दुपारी निजतो म्हणून, असं सांगायला माझी जीभ उचलेना. ही माझ्याकडे बघत नव्हती, आभाळाकडे बघत होती. मी म्हटलं, "लिहून घ्या. कारण एक, काठावरची झाडी चरून गेली, ओढा उथळ झाला, पाणी दुपारी साडेसहा अंशांनी तापलं. कारण दोन, मोजणाऱ्याला दुपारी झोप लागते. त्याने चुकीच्या वेळी मोजलं, खऱ्या फिर्यादीला खोटं ठरवलं, आणि उपाय व्हायला दोन आठवडे उशीर झाला. माझी सही घ्या खाली. निवृत्त निरीक्षक लिहू का नुसतं नाव चालेल?"

बाईंनी हसू दाबलं. "नुसतं नाव चालेल, काका."

मी सही केली. एवढी सरळ सही माझी बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

"आणि कारण दूर केल्याचं?" बाईंनी विचारलं. "जाळीचं कापड हा तात्पुरता उपाय झाला. काठाला कुंपण आणि लागवड हवी. जमीनमालकाची संमती लागेल."

जमीनमालक माझ्या मागेच उभा होता. मी मान वळवली नाही, कारण वळवली असती तर आमचं पुन्हा जुंपलं असतं.

दादा पुढे आला. "किती पावलं आत?"

"पाच तरी," बाई म्हणाल्या.

"आठ घ्या. पाच पावलांवरून मुख्याध्यापिकेची मान पोचते." बाईंना काही कळलं नाही. त्याने सही केली, अंगठ्याने शाई पुसली आणि मग धाकटीकडे न बघता म्हणाला, "माझे गुडघे तेवढे गेले."

धाकटी म्हणाली, "काका, मी रोज चारला गरम पाण्याची बादली आणून देईन. थंडीतसुद्धा. ओढा तर तुम्हाला थंडीत गरम पाणी देत नव्हता."

"मीठ घालून," दादा म्हणाला.

"मीठ घालून."

बाई गेल्या. हौदाशी आम्ही चौघंच उरलो. ही आणि धाकटी वाळुंजाच्या किती काठ्या लागतील ते मोजायला लागल्या, दादाने बसल्या जागी खड्ड्यांची जागा दाखवायला सुरुवात केली. मला कोणी काही विचारत नव्हतं आणि ते बरंच होतं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि चष्म्याचं निमित्त करावं तर चष्मा खिशात होता.

रोज, म्हणाली ती. थंडीतसुद्धा, म्हणाली. जे माणूस निघून जाणार असतं ते पुढच्या थंडीतलं बोलत नाही. मी पहिल्या पानावर लिहिलं होतं की ती इथे राहिली काय आणि तिथे गेली काय, मला सारखंच. खाडाखोड करायची नाही असा नियम आहे, म्हणून ते खोडत नाही. इथे लिहून ठेवतो की ते माप खोटं होतं.